हायसिंथ दुसऱ्या वर्षी फुलवायचा, तोही कोल्हापुरात

नागाळा पार्कातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. नोव्हेंबरात ऑनलाइन मागवलेले हायसिंथचे चार कंद त्यांनी सहा आठवडे फ्रिजमध्ये ठेवले आणि मग पूर्वेच्या बाल्कनीत कुंड्यांत लावले. फेब्रुवारीत तिघांना झकास फुलं आली, चौथ्याचा तुरा पानांच्या बेचक्यातच अडकून बसला. आता मार्च लागलाय, फुलं सुकलीत, पानं मात्र हिरवीगार आहेत. नर्सरीवाला म्हणतो फेकून द्या. मैत्रीण म्हणते पानं कापून कंद परत फ्रिजमध्ये टाक. एका कंदाच्या बुडाशी लसणाच्या पाकळीएवढी पिल्लंही दिसताहेत. पुढच्या वर्षी याच कंदांना फूल येईल का, आणि येण्यासाठी आत्ता काय करायचं?

ताई, येईल. पण चारही कंदांना येईल असं मी म्हणणार नाही, आणि पहिल्या वर्षीसारखा गच्च तुरा तर मिळणारच नाही. पहिल्या वर्षीचा तुरा म्हणजे नाद खुळा, तीस-चाळीस फुलं एका दांड्यावर. दुसऱ्या वर्षी दहा-पंधरा फुलांचा विरळ दांडा आला तरी तुम्ही जिंकलात. वास तोच असतो, त्यात कमी-जास्त होत नाही. तिसऱ्या वर्षाचं आश्वासन आपल्या हवेत मी कुणालाच देत नाही.

पहिलं काम म्हणजे पानं कापू नका आणि कंद फ्रिजमध्येही टाकू नका. नर्सरीवाल्याचा सल्ला आळशी असला तरी चुकीचा नाही, बहुतेक लोक तेच करतात. मैत्रिणीचा सल्ला मात्र कंद मारणारा आहे. फूल देऊन रिकामा झालेला कंद आत्ता थंडीत टाकला, तर त्याच्या पोटात पुढच्या फुलाचा कोंबच तयार झालेला नसतो. थंडी फूल तयार करत नाही, तयार असलेलं फूल बाहेर काढते. हायसिंथबद्दल विचारणारा प्रत्येक जण फ्रिजबद्दल विचारतो, किती आठवडे, किती अंश, कोणत्या कप्प्यात. फ्रिज कोल्हापुरात घरोघरी आहे. आपल्याकडे कमतरता आहे ती फुलानंतरच्या थंड दिवसांची.

ते कसं, हे कळायला कंदाचा जमाखर्च बघावा लागतो. हायसिंथ मूळचा तुर्कस्तानचा दक्षिण भाग, सीरिया, लेबनॉन या पट्ट्यातला. तिथे हिवाळा गार आणि ओला, वसंत थंड, उन्हाळा कडक आणि कोरडा. ट्युलिपचा जुना कंद फुलाबरोबर संपतो आणि त्याच्या जागी नवा तयार होतो. हायसिंथचं तसं नाही. तोच कंद वर्षानुवर्षं टिकतो, दरवर्षी आतून नव्या पाकळ्या धरतो आणि बाहेरच्या झिजून पापुद्रे होतात. तुमच्या हातात पडला तो सतरा-अठरा सेंटीमीटर घेराचा कंद हॉलंडच्या रेताड जमिनीत तीन-चार वर्षं पोसलेला होता. लिसे, हिलेगोम या गावांच्या आसपास ही शेती चालते. तिथे शेतात एप्रिलमध्ये फुलं आली की कंद पोसायला लावलेल्या पिकाची फुलं खुडून टाकतात, म्हणजे सगळं अन्न कंदात उतरतं. त्यानंतर पानं जूनपर्यंत उभी असतात, तीही समुद्रकाठच्या गार हवेत. दिवसा पंधरा-सोळा अंश, प्रकाश भरपूर, दिवस लांब. पान दिवसभर कमावतं आणि रात्री फारसं खर्च करत नाही.

आपल्याकडे जानेवारीच्या पहाटे पारा १४-१५ अंशांवर उतरतो, पण मार्चमध्ये दुपारी ३५ च्या घरात जातो आणि एप्रिलात ३७-३८. एवढ्या उष्णतेत पानाची कमाई घटते आणि श्वसनाचा खर्च वाढतो. चार-पाच आठवड्यांत पानं टोकाकडून पिवळी पडतात आणि कंद निम्म्या शिदोरीवर झोपी जातो. दुसऱ्या वर्षी फूल न येण्याचं खरं कारण बहुतेक वेळा हे असतं. लोक मात्र फ्रिजला दोष देतात.

म्हणून या वर्षी तुमच्या हातात एप्रिलच्या मध्यापर्यंतचा वेळ आहे, तो ताणून वापरायचा. सुकलेली फुलं दांड्यावरून बोटांनी ओरबाडून काढा, म्हणजे बी धरण्यात ताकद जाणार नाही. हिरवा दांडा आपोआप पिवळा पडेपर्यंत राहू द्या, तोही थोडंफार अन्न बनवतो. पानांच्या वेण्या घालू नका, रबर बँड लावून जुडी बांधू नका. कुंडी पूर्वेच्या बाल्कनीत आहे हे उत्तम. सकाळी दहापर्यंतचं ऊन पुरे, त्यानंतर ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट किंवा जुन्या सुती साडीचा आडोसा करा. कुंडी प्लॅस्टिकची असेल तर ती मोठ्या मातीच्या कुंडीत बसवून मधल्या फटीत ओली वाळू भरा. मातीच्या भिंतीतून पाणी झिरपून उडतं आणि मुळं गार राहतात. गंगावेशीच्या किंवा शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत न रंगवलेली कुंडी मागा. ऑइल पेंट फासलेल्या कुंडीची छिद्रं बुजलेली असतात, तिचा या कामी उपयोग शून्य.

खताचं म्हणाल तर उसाच्या ठिबकासाठी जी विद्राव्य खतं कृषी सेवा केंद्रात मिळतात, तीच चालतात. आत्ता एकदा १९:१९:१९ द्या. मग दर दहा दिवसांनी १३:०:४५, म्हणजे पोटॅश जास्त असलेलं, दोन्ही लिटरला एक ग्रॅम, आणि नेहमी ओल्या मातीत. कोरड्या मातीत दिलं तर मुळांची टोकं भाजतात, आणि हायसिंथचं तुटलेलं मूळ पुन्हा फुटत नाही. पोटॅश का, तर पानात बनलेली साखर कंदाकडे वाहून नेण्यात त्याचा हात मोठा. एक गोष्ट मात्र टाळा. आपल्या जिल्ह्यात साखर कारखान्याची मळी सहज मिळते आणि गच्चीवरच्या बागांत लोक ती सढळ हाताने घालतात. नीट न कुजलेली मळी कुंडीत तापते आणि कंदाचं बूड सडवते. ताज्या शेणखतालाही तोच नियम.

पानं अर्ध्याहून जास्त पिवळी पडली की खत बंद, पाणी निम्म्यावर. सगळी वाळली की पाणी पूर्ण बंद करून कुंडी आडवी टाका, म्हणजे वळवाचा पाऊस आला तरी आत पाणी साचणार नाही. आठवडाभराने कंद उकरा. धुऊ नका, माती ब्रशने झाडा. वाळलेली पानं ओढल्यावर सहज सुटली तर काढा, नाहीतर कात्रीने छाटा. मग सावलीत वर्तमानपत्रावर चार-पाच दिवस वाळू द्या. हातमोजे घाला. कंदाच्या बाहेरच्या पापुद्र्यांत सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात, त्यांनी बोटांना आणि मानेला चांगलीच खाज सुटते. सुरणाने खाजतं, त्यामागचं कारण हेच.

आता शिंप्याची टेप घ्या आणि प्रत्येक कंदाचा सर्वांत रुंद जागी घेर मोजा. चौदा सेंटीमीटरच्या वर असेल तर फुलाची आशा चांगली. बारा ते चौदाच्या मधला असेल तर फुटकळ पाच-सात फुलं येतील किंवा नुसती पानं. बाराच्या खाली असेल तर त्याच्यासाठी फ्रिजची जागा अडवण्यात अर्थ नाही. घेराबरोबर बूडही तपासा. अंगठ्याने दाबल्यावर खालची चकती दगडासारखी कडक लागली पाहिजे. ती दबली किंवा कंदाला आंबूस-कुजका वास आला, तर तो कंद त्याच दिवशी बाहेर टाका, बाकीच्यांजवळ ठेवू नका. निळसर-हिरवी बुरशी नुसत्या वरच्या पापुद्र्यावर असेल तर घाबरू नका, कोरड्या फडक्याने पुसली जाते. ठेवण्याआधी मॅन्कोझेब या बुरशीनाशकाच्या पाण्यात, लिटरला दोन ग्रॅम, पंधरा मिनिटं बुडवून परत नीट वाळवले तर पावसाळ्यात धास्ती कमी राहते. हे पाणी ढवळताना हातमोजे हवेतच, आणि स्वयंपाकघरातलं भांडं वापरू नका.

पुढचे चार महिने कंद वरून मेलेला दिसतो. खरं काम याच काळात होतं. झोपलेल्या कंदाच्या गाभ्यात, जुन्या दांड्याच्या शेजारी, पुढच्या वर्षीचा फुलाचा कोंब धरू लागतो, आणि त्यासाठी त्याला ऊब लागते. साधारण २५ अंश त्याला सर्वांत मानवतात. हॉलंडचे व्यापारी कंद काढल्यावर गरम खोल्यांत ठेवतात ते याचसाठी. म्हणजे आपला पावसाळा तापमानाच्या हिशेबाने आदर्श. जून ते सप्टेंबर घरात २४ ते २६ अंशच असतात, वेगळी गरम खोली लागत नाही. घात होतो तो दमटपणाने. जुलैत आठ-आठ दिवस ऊन नसतं, भिंतींना ओल येते, कपाटातल्या चपलांवर बुरशी चढते, अशा हवेत कंद कपाटात किंवा डब्यात बंद केला की संपला.

मी कंद लसणाच्या जाळीच्या पिशवीत, एका पिशवीत दोनापेक्षा जास्त नाही, असे छताजवळ टांगून ठेवतो, जिथे पंख्याचा वारा पोहोचेल. मे महिन्यात वरच्या मजल्यावर स्लॅबखाली ठेवू नका. तिथे चाळीसच्या आसपास तापमान जातं आणि तयार होऊ पाहणारा कोंब करपतो. तळमजल्यावरची जाड भिंतीची अंधारी खोली असेल तर तीच निवडा. आणि त्या खोलीत आंब्याची अढी लावू नका. पिकणाऱ्या आंब्यातून इथिलीन वायू बाहेर पडतो, त्याने कंदातला फुलाचा कोंब आतल्या आत वाळून जाऊ शकतो. बाहेरून कंद ठणठणीत दिसेल, पानंही येतील, फूल मात्र कागदासारखं वाळलेलं निघेल. देवगडच्या पेट्या आल्या की आपल्याकडे घरातली हवेशीर खोली आंब्यांच्या ताब्यात जाते, तेव्हा हायसिंथची सोय दुसरीकडे बघा.

जुलैच्या झडीत दर आठवड्याला पिशवी उतरवून प्रत्येक कंद हातात घ्या. हवा फारच दमट झाली तर पंधरा दिवसांपुरते कंद कोरड्या भाताच्या तुसात, उघड्या टोपलीत, फ्रिजच्या वर मागच्या कडेला ठेवता येतात. फ्रिजच्या मागून येणारी गरम कोरडी हवा तिथे कामाला येते. तूस मात्र उन्हात वाळवलेलं हवं. पाऊस उघडला की परत जाळीत.

ऑगस्टअखेर एक कंद बळी द्यायची तयारी असेल तर बघण्यासारखं आहे. तुमच्याकडचा सर्वांत हलका कंद घ्या आणि धारदार सुरीने डोक्यापासून बुडापर्यंत उभा चिरा. पांढऱ्या पाकळ्यांच्या मधोमध, चकतीला लागून, फिकट पिवळसर कोंब दिसतो. त्याची बाहेरची पानं टाचणीने बाजूला केली की आत राजगिऱ्याच्या दाण्यांएवढ्या फुगवट्यांचा छोटा तुरा असतो, साधं भिंग असेल तर आणखी स्पष्ट. ते दाणे म्हणजे डिसेंबरातली फुलं. मधोमध नुसतीच पानांची घडी निघाली, तर तो कंद यंदा फुलणार नव्हता एवढं कळतं, आणि त्याच वजनाच्या त्याच्या भावंडांबद्दल अंदाज बांधता येतो. चिरलेला कंद कुत्र्या-मांजराच्या वाट्याला जाऊ देऊ नका, त्यांना तो विषारी आहे.

आता फ्रिज. इथे माझा मुद्दा कंद कधी ठेवायचे हा आहे, किती दिवस हा त्यानंतरचा. पहिल्या वर्षी तुमच्या हातात काही नव्हतं. कंद नोव्हेंबरात आले, जानेवारीत लागले, फेब्रुवारीत फुलले आणि पानं थेट उन्हाळ्याच्या तोंडी सापडली. दुसऱ्या वर्षी कंद तुमच्याच घरात आहेत, तेव्हा कॅलेंडर तुम्ही मागे ओढू शकता. अनंत चतुर्दशी झाली, गणपती उठले, की कंद फ्रिजमध्ये गेले पाहिजेत. तोवर कोंब धरलेला असतो आणि योगायोगाने मोदक-पेढ्यांनी अडवलेली जागाही मोकळी होते. तिथून दहा-अकरा आठवडे मोजले की नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरचा पहिला आठवडा येतो. त्या वेळी बाहेरची रात्र गार असते. फूल डिसेंबरअखेर किंवा जानेवारीत, आणि त्यानंतर पानांना जानेवारी, फेब्रुवारी आणि अर्धा मार्च मिळतो. चार आठवड्यांच्या जागी नऊ-दहा आठवडे. तिसऱ्या फुलाची थोडीफार शक्यता निर्माण होते ती एवढ्यानेच.

दहा आठवडे सलग हवेत. मध्ये दिवाळीचा फराळ ठेवायला म्हणून चार दिवस बाहेर काढून ठेवले तर त्या आधीची थंडी बऱ्याच अंशी वाया जाते. तापमान ५ ते ९ अंश. फ्रीजरमध्ये तर नकोच, पण फ्रॉस्ट-फ्री फ्रिजच्या मागच्या भिंतीला चिकटवूनही नको, तिथे गार झोत थेट लागतो आणि कंद गोठू शकतो. खालचा भाजीचा कप्पा साधारण योग्य असतो. खात्रीसाठी पाण्याच्या पेल्यात छोटा थर्मामीटर ठेवून सकाळी दार उघडायच्या आधी एकदा वाचा, पेल्यातलं पाणी दार उघड-झाकीने लगेच बदलत नाही. वीज तास-दोन तास गेली तरी काही बिघडत नाही. कंद कागदी पिशवीत ठेवा, पिशवीला भोकं पाडा, पॉलिथिन नको. त्या कप्प्यात सफरचंद, चिकू, केळी, सीताफळ काहीही नको, कारण पुन्हा तेच इथिलीन. भाज्यांचं चालतं. फळं वरच्या कप्प्यात झाकणाच्या डब्यात गेली तरी थोडा फरक पडतो, पण हायसिंथच्या दहा आठवड्यांत फळं फ्रिजबाहेर ठेवायची सवय लावून घेतलेली बरी.

पिशवीवर ठळक अक्षरांत लिहा: विषारी, कांदा नव्हे. हे विनोदाने सांगत नाही. सोललेला हायसिंथ आणि छोटा पांढरा कांदा यात घाईच्या वेळी फरक कळत नाही. पांढऱ्या रश्श्याच्या वाटणाला घरात कुणीतरी फ्रिज उघडणार, त्या वेळी तुम्ही शेजारी असालच असं नाही. पोटात गेला तर उलट्या, पोटात कळा, जुलाब होतात.

नुसत्या कोरड्या थंडीपेक्षा मी थोडा वेगळा रस्ता घेतो, विशेषतः दुसऱ्या वर्षीच्या अशक्त कंदांसाठी. पहिले सहा आठवडे कागदी पिशवीत कोरडे. मग चार इंची कुंडीत लावून, माती जेमतेम ओलसर करून, कुंडीसकट फ्रिजमध्ये आणखी चार-पाच आठवडे. या काळात थंडीत मुळं धरतात. हायसिंथच्या मुळांना गारवाच आवडतो. कोरडा कंद डिसेंबरात बाहेर काढून लावला, तर वरचा कोंब उबेने भराभर वाढतो आणि मुळं मागे राहतात, मग तुरा मध्येच थांबतो. कुंडीसकट ठेवायला जागा लागते हे खरं. दोन कंद असतील तर जमतं, दहा असतील तर घरात भांडण होतं.

मातीचं मिश्रण साधं ठेवा. लाल माती, कोकोपीट आणि धुतलेली जाड वाळू समान भाग, त्यात मूठभर जुनं गांडूळखत. शेतातली काळी माती नको, ती कुंडीत पाणी धरून ठेवते. कंद असा लावा की त्याचं नाक मातीच्या वर राहील. फ्रिजमधून काढल्यावर कुंडी लगेच उन्हात ठेवू नका. आठवडाभर घरातल्या सर्वांत गार, अंधाऱ्या कोपऱ्यात, बाथरूमच्या फरशीवर असली तरी चालेल. कोंब दोन इंच झाला की उजेडात. पाणी कडेने घाला, कोंबाच्या मधोमध साचलं तर तुरा सडतो.

तुमच्या अडकलेल्या चौथ्या तुऱ्याचं कारण यातच आलं. सहा आठवडे म्हणजे काठावरची थंडी. फुलं तयार होती, पण दांडा लांबवण्याएवढी थंडी मिळाली नाही, आणि बाहेर फेब्रुवारीची ऊब होती. तिघे निभावले, चौथा निभावला नाही. असं पुन्हा दिसू लागलं, म्हणजे पानांच्या मधे रंग दिसतोय आणि दांडा वर येत नाही, तर भेळेच्या पुड्यासारखा वर्तमानपत्राचा उंच शंकू करून कोंबावर उपडा घाला. टोकाला बोट जाईल एवढं भोक ठेवा. उजेडाच्या ओढीने दांडा चार-पाच दिवसांत इंच-दीड इंच वर सरकतो. त्यानंतर शंकू काढा. हा उपाय दांडा हिरवा आणि टवटवीत असेपर्यंतच लागू पडतो. फुलं पानातच उमलून गेली की वेळ गेलेली असते. चौथ्या कंदाला मात्र मी बाद समजत नाही. त्याचा दांड्याचा खर्च कमी झालाय, पानं चांगली असतील तर तो बाकीच्यांपेक्षा भारी निघण्याची शक्यता आहे. मोजल्यावर कळेलच.

बुडाशी आलेली पिल्लं कंद उकरल्यावर अलगद सुटत असतील तर वेगळी करा, चिकटलेली असतील तर ओढू नका. त्यांना फूल यायला तीन-चार वर्षं चांगल्या थंड हवेत पोसावं लागतं. आपल्याकडे दरवर्षी ती वाढण्याऐवजी थोडी थोडी झिजतात. हॉलंडमध्ये कंदाची चकती आडवी-उभी चिरून किंवा कोरून मुद्दाम डझनावारी पिल्लं काढतात. ते वाचून कोल्हापुरात तसं करायला जाऊ नका, हातचा कंदही जाईल. पन्हाळ्यावर किंवा आंबा घाटाच्या बाजूला कुणी जवळचं राहत असेल तर पिल्लं आणि फुलून गेलेल्या कुंड्या तिकडे पाठवणं हा प्रयोग करण्यासारखा आहे. पन्हाळा आपल्यापेक्षा सुमारे चारशे मीटर उंच, म्हणजे दोन-अडीच अंशांचा फरक. एवढ्याने पानं आठ-दहा दिवस जास्त टिकली तरी कंदाच्या घेरात दिसतं.

काचेच्या निमुळत्या भांड्यात नुसत्या पाण्यावर फुलवलेल्या कंदांबद्दलही बरेच जण विचारतात. ते दिसायला सुंदर. पण त्यात कंद फक्त स्वतःची शिदोरी खातो, बाहेरून त्याला काहीच मिळत नाही. फूल संपल्यावर मातीत लावून खत देऊन बघायला हरकत नाही, पण पाण्यात वाढलेली मुळं मातीत रुळत नाहीत. अशा कंदावर पुढच्या वर्षीचा फ्रिज खर्च करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

एवढी यातायात कुणी कशाला करावी, असं घरातले विचारतीलच. ज्यांना फक्त दरवर्षी हमखास कंदफूल हवं, त्यांनी निशिगंध लावावा, हिपिअॅस्ट्रम लावावा, पावसाळी लिली लावावी. आपल्या हवेत ती फ्रिजशिवाय वर्षानुवर्षं येतात आणि वाढतात. हायसिंथ हा हौसेचा मामला आहे, त्याच्या वासासाठी. बंद खोलीत एक तुरा असला तरी दारातून आत येणाऱ्याला कळतं.

आणि पुढच्या हंगामात जुन्यांच्या जोडीला नवे कंद घेणारच असाल तर लवकर मागवा, ऑक्टोबरात. विक्रेत्याला घेर विचारा. 'मोठा', 'जम्बो' या शब्दांवर जाऊ नका, सेंटीमीटरमध्ये आकडा मागा आणि १६ च्या खालचा घेऊ नका. 'प्रिपेअर्ड' लिहिलेला कंद मिळाला तर तो लवकर फुलतो, कारण त्याला हॉलंडमध्येच ऊब देऊन आतला कोंब आधी तयार केलेला असतो. थंडी मात्र त्यालाही द्यावीच लागते, ती देऊन झाली आहे असा गैरसमज सर्रास दिसतो. पापुद्र्याचा रंग पाहिला तर फुलाचा अंदाज येतो. जांभळट पापुद्रा असेल तर निळी, जांभळी, गुलाबी फुलं. पांढरट असेल तर पांढरी किंवा पिवळी. 'डेल्फ्ट ब्लू' म्हणून पाठवलेला कंद पांढऱ्या पापुद्र्याचा निघाला तर तिथल्या तिथे परत करा, फूल येईपर्यंत वाट बघू नका. पिवळा हवा असेल तर १८९३ पासून लावला जाणारा 'सिटी ऑफ हार्लेम' मागा. नवा आणि जुना कंद एकाच कुंडीत लावू नका. दोघांची फुलायची वेळ जुळत नाही, आणि जुन्याला सड लागलेली असेल तर ती नव्यालाही लागते.